दोघांपुरती मंडई

तीर्थरूप आई व बाबांस,

साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडून परत आल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे आणि फोनवर ती नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. निघायच्या आदल्या रात्री मी फ्रीज पुसायला घेतला, तेव्हा खालच्या कप्प्यात पालकाच्या दोन जुड्या पिशवीतच पाणी सुटून काळ्या पडलेल्या होत्या, त्यांच्यामागे अर्धा कोबी होता आणि डब्यातल्या सात टोमॅटोंपैकी तीन बसले होते. आई, तू मागे उभी राहून म्हणालीस, "स्वस्त मिळाले गं, म्हणून घेतले." भाव खरोखरच कमी होता, पण त्यातले निम्मे मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकले, म्हणजे उरलेले निम्मे तुम्हाला दुप्पट भावाने पडले.

यात तुम्हाला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साधारण 60 टक्के घराघरांतूनच गेले, तेव्हा ही चूक जगभरच्या स्वयंपाकघरांत होते. तुमच्या बाबतीत तिचे कारण मला स्पष्ट दिसते. घरात आता दोनच माणसे आहेत, पण मंडईत शिरल्यावर तुमचे हात अजून सहा माणसांच्या अंदाजाने चालतात.

म्हणून आधी माप सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खायला सांगते, आणि त्यात बटाट्यासारखे पिठूळ कंद धरत नाही. दोघांचे मिळून दिवसाला 800 ग्रॅम झाले, तीन दिवसांचे 2400, म्हणजे साली-देठांसकट तीन किलोंच्या आसपास. बाबा, डॉक्टरांनी तुमच्या उजव्या खांद्याला जड पिशवी वर्ज्य केली आहे. हे वजन दोन पिशव्यांत विभागले की दोघांना सहज उचलता येते, आणि दर तिसऱ्या दिवशी मंडईपर्यंत चालणे होते ते निराळेच.

आई, यावर तुझी अडचण मला ठाऊक आहे. "एवढेसे मागायला संकोच वाटतो," असे तू दोनदा म्हणालीस. पण त्या दिवशी आपण गेलो तेव्हा मी मुद्दाम पाहत होते. कोपऱ्यातल्या गाळ्यावरच्या मुलीकडे एका आजोबांनी 200 ग्रॅम फरसबी मागितली, तिने कपाळाला आठी न घालता काट्यावर घातली आणि वर दोन शेंगा जास्तच टाकल्या. एकदाच दोन किलो नेऊन महिनाभर न फिरकणाऱ्यापेक्षा दर तिसऱ्या दिवशी येणारे गिऱ्हाईक तिला हवेच असणार. छपराखालच्या मंडईचा खरा फायदा मला इथेच दिसतो. मोठ्या दुकानात बांधलेले पाकीट आहे तेवढेच उचलावे लागते, मंडईत मात्र तुझ्या घराचे माप तू ठरवतेस, आणि सुटा माल हातात घेऊन, उलटून, दाबून पाहता येतो. तेव्हा संकोच सोड आणि पावशेर माग.

छपराचा आणखी एक उपयोग आहे. तोडल्यानंतरही भाजीचा श्वास चालूच असतो आणि भोवतालचे तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, त्यामुळे उन्हात मांडलेली जुडी दुपारपर्यंत म्हातारी होते, तर सावलीतली तग धरते. मात्र आतला दिवा डोळ्यांना फसवतो. बाबा, तुम्हाला आठवत असेल, लालसर दिव्याखाली टोमॅटोंचा ढीग कसा झळकत होता, आणि त्यातला एक मी दाराजवळच्या उजेडात नेल्यावर त्याच्या देठाभोवती सुरकुती दिसली आणि खालची बाजू बोटाखाली दबली. गाळेवाल्याला विचारून एक नग उजेडात नेऊन पाहण्यात काही गैर नाही.

गेल्याबरोबर पहिल्या गाळ्यावर पिशवी उघडू नका. एक पूर्ण फेरी रिकाम्या हाताने मारा. भाव कळतातच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुणाचा ढीग हलतो आहे आणि कुणाचा सकाळपासून तसाच आहे, ते कळते. फ्लॉवर घेताना त्याच्या पानांकडे पाहा. पाने हिरवी, कडक आणि गड्ड्याला बिलगलेली असतील तर माल ताजा. पाने मुळापर्यंत छाटलेली असतील आणि गड्ड्यावर सुरीने खरवडल्याच्या सपाट खुणा दिसत असतील, तर काळे डाग काढून तो पुन्हा मांडला आहे असे समजा. फरसबी वाकवून पाहावी. कोवळी असेल तर कट्‌कन मोडते, जून असेल तर नुसती वाकते. हिरवट पडलेले बटाटे कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका, कारण उजेड लागून हिरव्या झालेल्या बटाट्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते आणि ते शिजवूनही जात नाही. लिंबू, संत्रे यांसारखी फळे दोन हातांत दोन घेऊन तोलावीत. सारख्या आकारात जे जड, त्यात रस जास्त.

आता मटाराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यावरून तुमच्यात वाद झाला होता. शेंगांचा भाव सोललेल्या दाण्यांपेक्षा कमी दिसतो, हे बाबांचे म्हणणे बरोबर आहे. पण किलोभर शेंगांतून दाणे अर्ध्या किलोपेक्षा कमीच निघतात, हे आईचे म्हणणेही बरोबर आहे. तेव्हा शेंगांचा भाव दुपटीहून थोडा अधिक धरून मगच दाण्यांच्या भावाशी त्याची तुलना करावी. सोललेले दाणे चिकट किंवा पिवळसर असतील तर हिशेब न करताच शेंगा घ्याव्यात. माझे मत विचाराल तर तुमच्यासाठी शेंगाच बऱ्या. दुपारी दोघे ताट मांडून सोलायला बसता आणि तुमच्या गप्पा रंगतात, हे मी आठ दिवस पाहिले आहे.

मासळीच्या ओट्यांकडे शेवटी वळा, म्हणजे माल घरी पोहोचेपर्यंत कमीत कमी वेळ उबेत राहील. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारे, हे सारे आई, मी तुझ्याकडूनच शिकले. फक्त एवढे लक्षात ठेव की अख्ख्या माशातून खाण्याजोगे साधारण निम्मेच निघते, म्हणून कापलेल्या तुकड्यांच्या भावाशी ताडताना तेही जमेला धरावे लागते. विकत घेतल्यापासून दोन तासांच्या आत मासळी 5 अंशांच्या खाली गेली पाहिजे. वाटेत कुणाशी गप्पा मारायला थांबणार असाल, तर त्या दिवशी मासळी राहू द्या.

बाबा, मंडई उठायच्या वेळी लावलेले वाटे तुम्हाला फार आवडतात. ते घ्यायला माझी हरकत नाही, पण त्याच रात्री शिजणार असतील तरच. "उद्या बघू" म्हणून घेतलेला वाटा उद्यापर्यंत टिकत नाही. कापून ठेवलेली फळे आणि चिरलेली भाजी मात्र अजिबात नको. साल गेली की जंतूंना वाट मोकळी होते, आणि लिस्टेरियासारखे काही जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात. तुमच्या वयात असा आजार जड जातो. याबाबत मी आग्रही आहे आणि तुम्ही माझे ऐकावे, अशी हात जोडून विनंती आहे.

साठवण्याबद्दल थोडक्यात लिहिते. पालेभाजी निवडून कोरड्या कापडात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत तिला घाम येतो. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून त्यांना एकत्र ठेवू नये. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवा. टोमॅटो पिकेपर्यंत ओट्यावरच राहू दे, कच्चेपणी थंडीत गेल्यास त्याला चव येत नाही.

बाबा, मोठी निळी पिशवी मी मुद्दाम माळ्यावर ठेवून आले आहे. तिच्याऐवजी दाराच्या खुंटीला दोन लहान कापडी पिशव्या अडकवल्या आहेत. त्या भरल्या की खरेदी संपली असे समजावे. बुधवारी रात्री फोन करीन, तेव्हा खालच्या कप्प्यात काय काय उरले आहे ते मला पाहून सांगा, म्हणजे गुरुवारच्या फेरीला कशाचे माप कमी करायचे ते आपण मिळून ठरवू.

तुमची लाडकी लेक