शोभेच्या झाडांवरील विषाणूंचेही संपूर्ण जनुकीय क्रम वाचले जावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अन्नपिकांवरील विषाणूंची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र शोभेच्या झाडांवरील विषाणू म्हणजे केवळ पानाफुलांच्या रूपाचा प्रश्न, ही समजूत घातक आहे. गुलाब, शेवंती, डेलिया, ऑर्किड यांची अभिवृद्धी बहुधा कलमे, फुटवे किंवा कंदांपासून होत असल्याने मातृझाडातील विषाणू नव्या रोपांतही उतरतो, आणि अनेकदा त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. बटाट्याच्या कंदांना विकृत करणारा व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान, केवळ आरएनए या जनुकीय रेणूचा बनलेला रोगकारक) ब्रुगमॅन्सियासारख्या शोभेच्या झाडांत निमूटपणे राहू शकतो, हे युरोपातील तपासण्यांत दिसून आले आहे.

एलायझा (प्रथिनावरून) आणि पीसीआर (जनुकीय तुकड्यावरून) या रोगनिदान चाचण्या उपयुक्त असल्या, तरी त्या ओळखीच्या रोगकारकालाच शोधतात. व्हायरॉइडला तर स्वतःचे प्रथिनच नसल्याने, विषाणूचे प्रथिन ओळखणारी एलायझा तेथे निरुपयोगी ठरते. जनुकीय क्रमनिर्धारणात मात्र पानातील सर्व आरएनए, किंवा झाडाच्या संरक्षणयंत्रणेने कापलेले २१ ते २४ जनुकीय अक्षरांचे आरएनएचे तुकडे वाचून, संगणकाच्या साहाय्याने विषाणूचा संपूर्ण क्रम जुळवता येतो; काय सापडणार, हे आधी ठाऊक असावे लागत नाही.

गुलाबाच्या ‘रोझ रोझेट’ रोगाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्याची लक्षणे १९४० च्या दशकापासून नोंदलेली होती, तरी कारणीभूत विषाणू निश्चित व्हायला २०११ साल उजाडले. तेव्हा त्याच्या जनुकसंचाचे चार खंड हाती आले आणि पुढे ती संख्या सातवर गेली. एखाद्या जनुकाचा तुकडा वाचून थांबणे पुरेसे का नाही, हे यावरून कळावे. दोन विषाणूंच्या संकरातून उपजलेला नवा प्रकारही पूर्ण क्रमाशिवाय निसटण्याची शक्यता असते.

अर्थात, क्रम सापडला म्हणजे रोग सिद्ध झाला, असे नव्हे. डेलियाच्या स्वतःच्या जनुकसंचातच विषाणूचे अंश मिसळलेले आढळतात. त्यामुळे संसर्गाची स्वतंत्र खातरजमा आवश्यकच आहे.

म्हणून रोपवाटिका आणि वनस्पती उद्यानांनी किमान मातृझाडांची जनुकीय क्रमनिर्धारणाने तपासणी करावी, आणि संशोधकांनी मिळालेले पूर्ण क्रम यजमान झाड, ठिकाण, दिनांक व लक्षणांच्या छायाचित्रांसह जेनबँकेसारख्या खुल्या संग्रहांत जमा करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. यजमान झाडाची नोंद नसलेला क्रम पुढच्या अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

आपला,
वनस्पतिरोगशास्त्राचा एक अभ्यासक