व्यसनमुक्तीचे बिल कोण भरणार?

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेसे उपचार मिळतात, असे त्यात नोंदले आहे. उरलेल्या ३७ जणांच्या घरच्यांना कोण गाठते, ते एसटी स्टँडच्या भिंतींवर वाचायला मिळते: ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’. भाजीत गुपचूप कालवलेल्या अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि त्यावर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हेच औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडते.

पण रीतसर उपचार घ्यायचे तर खर्चाचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले. अशा आजारांना शारीरिक आजारांसारखाच विमा द्यावा, असेही कलम २१ सांगते. तरीही विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या, विम्यातून वगळण्याच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचार आहेतच. कायदा एक म्हणतो, पॉलिसीच्या बारीक अक्षरांत दुसरेच! दारूवरच्या उत्पादन शुल्काचा पैसा मात्र सरकारला चालतो. नियामकाने ही तरतूद रद्द करावी. आणि तोवर राज्याने निदान जिल्हा रुग्णालयांत ही औषधे व समुपदेशक बारमाही ठेवावेत.

– एक वाचक, सातारा