जावई वेल्श शिकून आला, आता मराठी कुठं शिकवू?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२७ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या पेपरात मराठीचं आता काय होणार यावर पानंच्या पानं येतात, मी दरवर्षी ती वाचतो, चहा संपवतो आणि पुढच्या पानावर जातो. यंदा मात्र पत्रच लिहायला बसलोय, कारण माझा अमेरिकन जावई.

मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस, राहतो साताऱ्यात, मुलगी पेनसिल्व्हेनियात. जावयाच्या पणजोबांचे वडील वेल्समधून (म्हणजे ब्रिटनमधला, इंग्लंडला लागून असलेला प्रांत) तिकडं स्क्रँटनच्या कोळशाच्या खाणीत कामाला आलेले, तशी हजारो माणसं आली होती त्या काळात. घरातली भाषा दोन पिढ्यांतच गेली, उरलं फक्त आडनाव. हा बाबा चाळिशीत उठला आणि म्हणाला मी वेल्श शिकणार. मला वाटायचं वेल्श म्हणजे इंग्रजीचाच एखादा गावठी प्रकार असेल, पण ती केल्टिक घरातली वेगळीच भाषा निघाली, इंग्रजीला जर्मन जवळची आणि शेजारची वेल्श लांबची.

तर तिकडं एक कोर्स असतो, कूर्स कमराइग. नाव ऐकून दचकायला नको, अर्थ साधा, वेल्श कोर्स. कमदेइथास मादोग नावाची संस्था तो १९७७ पासून उत्तर अमेरिकेत घेते, एक आठवड्याचा, राहून शिकायचा. (मादोग म्हणजे कोलंबसच्या तीनशे वर्षं आधी, ११७० च्या सुमाराला, अमेरिकेत पोचला अशी दंतकथा असलेला वेल्श राजपुत्र, पुरावा काही नाही, पण नाव झकास आहे.) दरवर्षी नवं गाव, सुट्टीत रिकामं पडलेलं कुठलं तरी कॉलेज, तिथलंच होस्टेल आणि तिथलीच मेस. शिकवणारे काही वेल्सहून येतात, काही तिकडचेच. अगदी कोऱ्या पाटीपासून फडाफडा बोलणाऱ्यांपर्यंत लेव्हलप्रमाणे वर्ग. मी म्हटलं ही तर इगतपुरीची विपश्यनाच झाली की, फक्त उलटी, तिथं गप्प बसायचं आणि इथं तोंड बंद करायचं नाही.

जावई सांगत होता, खरा कोर्स वर्गात होतच नाही, तो होतो जेवणाच्या टेबलावर. मीठ हवंय आणि मीठाला शब्द आठवत नाहीये, समोर सत्तरीच्या आजी बसल्यात त्यांना इंग्रजी उत्तम येतं पण त्या ढिम्म हलत नाहीत, मग खाणाखुणा, मग एकदाचा शब्द निघतो, आणि तो शब्द जन्मात विसरत नाही. शिवाय वेल्समध्येही आपल्यासारखंच, दर पन्नास मैलांवर बोली बदलते. दक्षिणेकडं आजी म्हणजे मामगी, उत्तरेकडं नाइन. 'आत्ता' याला दक्षिणेत म्हणतात नौर आणि उत्तरेत रुआन, आणि त्यांच्या स्पेलिंगमध्ये लिहिलं तर एक शब्द दुसऱ्याचा बरोब्बर उलटा! वऱ्हाडी आणि कोल्हापुरीवरून आपल्याकडं जेवढी टिंगलटवाळी चालते तेवढीच तिथं चालते म्हणे.

शेवटी शेवटी त्यांची एक आइस्टेद्वोद होते, म्हणजे गाणी-कवितांची स्पर्धा, त्यात हा चार ओळी म्हणून आला. वेल्समधल्या मोठ्या राष्ट्रीय आइस्टेद्वोदमध्ये जिंकणाऱ्या कवीला कोरीव लाकडी खुर्ची देतात. आपल्याकडं संमेलनात खुर्चीवरून काय काय होतं ते आपल्याच पेपरात वाचलंय, असो.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं आणि अमेरिकन लोकं तिथं रडकुंडीला येतात. वेल्सला म्हणतात कमरी, पण 'वेल्सला जातो' म्हणताना गमरी, 'वेल्समध्ये' म्हणताना ङमरी, 'आणि वेल्स' म्हणताना खमरी. जावयानं मला तक्ता दाखवला आणि मी हसायलाच लागलो. क, ग, ङ, ख. त, द, न, थ. प, ब, म, फ. अहो ही तर आपली बाराखडीच्या आधीची वर्गाची ओळ! उच्चार थोडे इकडं तिकडं, पण क बदलून जातो कुठं, तर क-वर्गातच, त जातो त-वर्गातच. वडील म्हणजे ताद, त्याचे वडील ई दाद, तिचे वडील ई थाद, माझे वडील व न्हाद. आणि तो ङ, जो आपण पहिलीत घोकतो आणि मग वाङ्मय हा शब्द सोडला तर आयुष्यात परत लिहीत नाही, त्याच्यापासून तिथं शब्द सुरू होतात. मी त्याला पाटीवर (म्हणजे फ्रिजवरच्या बोर्डवर) आपली वर्णमाला ओळीनं लिहून दिली, आणि तो माणूस अर्धा तास तिच्याकडं बघत बसला. म्हणाला, बाबा, मला हे आधी का नाही सांगितलं. आता मला तरी काय माहीत.

तेव्हापासून त्याला मराठी शिकायचीय. आणि त्यालाही तस्साच आठवडा हवाय, राहून, टेबलावर मीठ मागत.

मी म्हटलं बघतो. इथं माझी पंचाईत झाली. तिकडं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, चांगल्या चालतात, माझी नातही जाते, पण त्या मुलांसाठी. मोठ्यांसाठी ऑनलाइन क्लास आहेत, ॲप आहेत, यूट्यूब आहे. चाळिशीतल्या माणसानं बॅग भरून यावं आणि सात दिवस मराठीत राहून जावं असा कोर्स मला तरी सापडला नाही, चार ठिकाणी फोन केले, एका ठिकाणी मला विचारलं की तुमच्या जावयाचं वय काय आणि पालक म्हणून फॉर्मवर सही कोण करणार.

वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निघाले ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के, आधीपेक्षा कमीच, आणि तरी तिथल्या सरकारनं २०५० पर्यंत दहा लाख करायचं ठरवलंय. त्यांच्याकडं लीन द्वीपकल्पात समुद्राकाठी नांत गुर्थेर्न म्हणून ग्रॅनाइटच्या खाणीचं गाव होतं, खाण बंद पडली, गाव ओस पडलं. कार्ल क्लाउझ नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी पुढाकार घेतला, ट्रस्ट केला, १९७८ मध्ये अख्खं गाव विकत घेतलं आणि खाणकामगारांच्या घरांत राहून वेल्श शिकायची सोय केली, १९८२ पासून तिथं कोर्स चालतात. तिकडं अर्जेंटिनात पातागोनियात १८६५ मध्ये एका जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं उतरली होती, त्यांच्या पणतू-खापरपणतूंना शिकवायला १९९७ पासून वेल्सहून शिक्षक पाठवतात.

आपण २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर. अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला, पेढे वाटून झाले. बाहेरून आलेल्या सुना आहेत, जावई आहेत, बदली होऊन आलेले बँकवाले आहेत, परदेशात वाढलेली आणि फक्त ऐकून समजणारी पोरं आहेत, ती आता तिशीला आली. त्यांच्याशी आपण काय करतो, तर त्यांनी एक वाक्य मराठीत चुकत बोललं की कौतुक करतो आणि लगेच हिंदी नाहीतर इंग्रजीवर येतो. मीही तेच करतो, घरात बायको ओरडते त्यावरून. आणि जागा काय कमी आहेत का, वाईला, औंधला, कोकणात पावसाळ्यात रिकामी पडलेली घरं, सुट्टीत बंद असलेली होस्टेलं, रिटायर झालेले मराठीचे शिक्षक तर प्रत्येक गल्लीत दोन.

म्हणून आपल्या पेपरातून विचारतो, असा राहून शिकायचा मराठीचा आठवडा महाराष्ट्रात, गोव्यात किंवा आणखी कुठं कोणी घेत असेल तर कृपया इथंच छापून कळवावं. जावईबापू डिसेंबरमध्ये येतायत, हातात नऊ दिवस आहेत, त्यातले दोन लग्नात जाणार.

आपला,
एक वाचक, सातारा