बाद पद्धतीच्या स्पर्धेत राखीव खेळाडूंनी खेळायचे कधी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की कोणत्या शाळेने कोणाला हरवले याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात आणि त्या यायलाही हव्यात. मात्र या मुलामुलींना मैदानावर कोणत्या विचाराने शिकवले जाते, याची चर्चा नाशिक जिल्ह्यात फारशी होताना दिसत नाही. एक निवृत्त क्रीडाशिक्षक म्हणून मी त्यातील एकाच मुद्द्याकडे आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात आणि मैदानात सात उतरतात. खो-खोत नऊ उतरतात आणि बाकीचे राखीव राहतात. तालुका पातळीवरचा चौदा वर्षांखालील मुलांचा कोणताही सामना पाहावा. राखीव मुले पाण्याच्या बाटल्या भरून आणतात, खेळणाऱ्यांचे कपडे सांभाळतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि संघ हरला की एकही चढाई न करता परतीच्या गाडीत बसतात. पहाटे उठून सराव त्यांनीही केलेला असतो. पुढच्या वर्षी त्यांतील काही जण मैदानाकडे फिरकतच नाहीत आणि ‘त्याला आवड नव्हती’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

याचा सगळा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे मला मान्य नाही. आपल्या बहुतेक शालेय सांघिक स्पर्धा बाद पद्धतीने, म्हणजे एकदा हरला की संघ स्पर्धेबाहेर अशा होतात. सोळा संघ उतरले तर पंधरा सामन्यांत स्पर्धा संपते आणि त्यातील आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एका सामन्यावर लागणार असेल, तर आठव्या किंवा नवव्या क्रमांकाच्या मुलाला संधी देण्याची जोखीम कोणता प्रशिक्षक घेईल? त्यातच वरच्या पातळीवरील कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळत असल्याने पालकांचा आग्रह असतो आणि शाळेच्या फलकावर झळकण्यासाठी चषक हवा म्हणून संस्थेचाही असतो. प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान त्याच्या मनात कितीही चांगले असले, तरी स्पर्धेची रचनाच त्याला ते बाजूला ठेवायला लावते.

शिकवण्याच्या पद्धतीचा विचार करताना अमेरिकेतील जॉन वुडन या बास्केटबॉल प्रशिक्षकाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. वुडन आधी हायस्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक व प्रशिक्षक होते. पुढे यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांच्या अखेरच्या हंगामात रोलँड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या दोन संशोधकांनी सरावाच्या वेळी बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ नोंदी केल्या. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के नोंदी काय करायचे आणि कसे करायचे एवढे सांगणाऱ्या निव्वळ माहितीच्या होत्या. कौतुक आणि नाराजी यांचा वाटा प्रत्येकी सातेक टक्के होता. आपल्या मैदानांवर ऐकू येणारे ‘लक्ष कुठे आहे तुझे’ आणि ‘दहा फेऱ्या मार’ यांत मुलाला उपयोगी पडेल अशी माहिती कितीशी असते, हे प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतःच तपासावे. धावणे ही शिक्षा म्हणून देणारा शिक्षक मुलाच्या मनात धावण्याविषयीच तिटकारा निर्माण करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी कुमार वयाच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांना प्रोत्साहन कसे द्यावे आणि चूक कशी सुधारावी याचे प्रशिक्षण देऊन पाहिले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार असे प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतील फक्त ५ टक्के. पहिल्या गटात खेळ सोडलेल्या आणि टिकून राहिलेल्या मुलांच्या संघांच्या जय-पराजयाच्या प्रमाणात फरक आढळला नाही, म्हणजेच मुले गेली ती पराभवामुळे नव्हे.

तेराव्या वर्षी कोण पुढे जाईल हे ओळखता येते, या समजुतीला आपल्या जिल्ह्यानेच उत्तर दिले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यानंतर नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. शाळेत असताना त्याच्या हातात वल्हेही नव्हते. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. शाळेच्या वयात अशा मुलांना खेळात टिकवून ठेवणे एवढेच शाळेच्या हातात असते, आणि बाकावर बसवून ते साधत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, चौदा वर्षांखालील सांघिक स्पर्धा तालुका आणि महानगरपालिका पातळीवर तरी गटसाखळी पद्धतीने, म्हणजे गटातील प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळेल अशा घ्याव्यात, आणि गटातील सामन्यांत प्रत्येक नोंदणीकृत खेळाडू किमान एकदा मैदानात उतरलाच पाहिजे, असा नियम करावा. सोळा संघांचे चार गट केले तर गटांत चोवीस आणि पुढे तीन असे सत्तावीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. जिल्हा पातळीपासून पुढे बाद पद्धत खुशाल ठेवावी. तेथे चुरस हवीच.

मैदाने, पंच आणि दिवस कोठून आणायचे, हा आक्षेप येईल व तो रास्त आहे. तरी या वयोगटाचा कबड्डीचा सामना पाऊण तासात आटोपतो, त्यामुळे दोन मैदानांवर हे सत्तावीस सामने दोन दिवसांत बसतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत ऐन पावसात चिखलात सामने उरकण्याऐवजी तेथील वेळापत्रक पाऊस ओसरल्यावर ठेवावे. पंचांच्या कामासाठी माझ्यासारखे निवृत्त क्रीडाशिक्षक आनंदाने उभे राहतील. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने पुढील हंगामाच्या नियोजनात हा विषय घ्यावा आणि निदान एका तालुक्यात, एका खेळापुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक