पुरुषांना बारबेल, बायकांना गुलाबी डंबेल?

संपादक महोदय,

आपल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत समोरासमोरच्या पानांवर दोन लेख होते. डावीकडे घामाने चमकणाऱ्या एका तरुणाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, पोटावर सहा वड्या, आणि मजकुरात स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, म्हणजे बारबेलने, लांब लोखंडी दांड्याला वजनं लावून करायचे व्यायाम. उजवीकडे 'खास महिलांसाठी' म्हणून सूप, कोमट पाण्यात लिंबू, जेवणानंतर शतपावली, आणि फोटोतल्या मुलीच्या हातात गुलाबी डंबेल. ते एक किलोचं असावं. माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली आणि छत्री धरून याहून जास्त वजन असतं, आणि ती पर्स मी रोज एका खांद्यावर घेऊन बसमध्ये उभी राहते.

मी 52 वर्षांची आहे, मिरजेत राहते, एका सरकारी कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसते. माझं वजन 97 किलो होतं, आता 66 आहे. दंड वळला की बेटकुळी दिसते, पाठीत पन्हाळ पडते, पोटऱ्या कडक आहेत. हे सांगताना लाज वाटावी असं वळण मला लावलेलं आहे, पण सांगते, कारण आपल्या उजव्या पानाने हे कधीच झालं नसतं.

अर्ध्याहून जास्त वजन त्या पानानेच उतरलं, हेही खरं. गुडघे दुखायला लागले, तीन महिन्यांची साखर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि ताट अर्धं करायला सांगितलं. मी दोन्ही केलं. काटा 78 वर आला. सगळ्यांनी कौतुक केलं; म्हणजे आपल्याकडे करतात तसं. 'शुगर झाली का गं?', 'चेहरा किती उतरलाय', 'घरी सगळं ठीक आहे ना?' बाईचं वजन उतरलं की आजार किंवा सून, यापलीकडे कुणाची कल्पना जात नाही. आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मी बारीक झाले होते, पण पूर्वी आरामात सरकवत होते तो भरलेला गॅस सिलिंडर आता हलेना. आत 14.2 किलो गॅस, टाकीसकट तीस किलोच्या घरात. 97 किलोची असताना मी तो गॅलरीतून ओट्यापर्यंत एकटी न्यायची.

गुडघ्यासाठी ज्यांच्याकडे जात होते त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हात छातीशी घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला लावलं आणि घड्याळ धरलं. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांनुसार याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ती स्नायूंबद्दलची धोक्याची खूण मानतात. माझे बारा कधीच उलटून गेले होते. त्यांनी समजावलं ते आपल्या पुरवणीत मी कधी वाचलेलं नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनात सगळी चरबी नसते. साधारण पाव भाग स्नायू आणि शरीरातला इतर बिनचरबीचा ऐवज असतो. चाळिशीनंतर स्नायू असेही झिजतच असतात, आणि पाळी गेल्यावर हाडंही. त्यामुळे माझ्या वयाच्या बाईने नुसतं बारीक होणं हा अर्धाच व्यवहार आहे, आणि त्यात तोटाही आहे.

मग जिम. मिरज-सांगलीत जिमला तोटा नाही, पण मी चौकशीला गेले त्यातल्या बहुतेकांत 'लेडीज सेक्शन' म्हणजे दोन ट्रेडमिल, एक सायकल आणि भिंतभर आरसा. बारबेल आणि प्लेटा दुसऱ्या खोलीत, तिथे 'जेंट्स'. एका ठिकाणी मालकाने मला, 'काकू, तुम्हाला झुंबा चांगला,' असं सुचवलं. झुंबा चांगलाच आहे, पण मी विचारलं होतं ते दुसरंच.

अखेर जिथे मिळालं तिथला मुलगा स्वतः वेटलिफ्टिंग केलेला. आमच्या भागाला या खेळाचं वेड आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य आणणारा संकेत सरगर सांगलीचाच. या मुलाने मला पहिल्यांदा लोखंडाला हात लावू दिला नाही. प्लॅस्टिकचा पाइप दिला. पाइप पाठीला टेकवून कमरेतून वाकायचं, पाठ गोल होऊ द्यायची नाही, ढुंगण मागे न्यायचं (क्षमस्व, पण याला दुसरा शब्द नाही). मग रिकामा बार. बायकांचा बार पंधरा किलोचा असतो, पुरुषांचा वीसचा. मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीच, पुढे पाच-पाच. आज मी बारसकट 70 किलो जमिनीवरून उचलते, पाच वेळा, मधे दम खाऊन पुन्हा पाच. आठवड्यातून तीन सकाळी, पाऊण-पाऊण तास. यात चमत्कार काहीही नाही. वजन इतकं हळू वाढवायचं की शरीराच्या लक्षातही येऊ नये, आणि वाढवणं थांबवायचं नाही. एक किलोचं डंबेल वर्षभर हलवून स्नायू वाढत नाही, कारण त्याला वाढायचं कारणच मिळत नाही.

'वजन उचललंस तर पुरुषासारखी दिसशील,' हे मला नणंदेपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. (शिंप्याची तक्रार मात्र व्यावसायिक होती. घेर कमी करून दिलेले ब्लाउज बाह्यांत पुन्हा उसवायला लागले.) बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. पहिलवानासारखं अंग चुकून होत नसतं, ते व्हावं म्हणून झटणाऱ्या पुरुषांचंसुद्धा वर्षानुवर्षं होत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टिंगच्या 49 किलो गटात मीराबाई चानूने एका उचलीत 115 किलो डोक्यावर नेले तेव्हा आमच्या अख्ख्या ऑफिसने पेढे वाटले. तिचे दंड कुणाला खटकले नाहीत. माझे खटकतात, वरच्या फळीवरची फाईल काढताना बाही मागे सरकते तेव्हा.

खाण्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण गोची तिथेच आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात असं भारतीय शिफारस सांगते. म्हणजे मला पंचावन्न ग्रॅम. वजन उतरवत असताना स्नायू राखायचे तर किलोमागे 1.2 ते 1.6 पर्यंत जावं असं जाणकार सांगतात. आता आमच्या घरचं ताट पाहा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, वाटीभर पातळ आमटी, भात, चार वाजता चहाबरोबर भडंग, रात्री पुन्हा तेच. बेरीज केली तर चाळीसच्या आसपास. एकादशीला तर बघायलाच नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्या खिचडीत जो काही जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, ते सगळं तेलगिरणीला जातं, आणि घरात कुणी खात नाही.

मी काय बदललं? आमटी घट्ट केली. मोड आलेली मटकी रोजची झाली. सोयाबीन दळणात घातलं, श्रावण सोडून दोन अंडी, रात्री भाताऐवजी पनीर किंवा वाटीभर चक्का, साखर न घालता. पावडरचा डबा घेतला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं म्हटलं आहे. आपल्या डाव्या पानाच्या तळाशी अशाच एका डब्याची पाव पानाची जाहिरात होती. जाहिराती लागतात, मी समजू शकते. पण निदान लेखाला चिकटून तरी नको.

आणि फोटोंबद्दल. तीस किलो उतरल्यावर पोटाची कातडी लोंबते. दंडाखाली बेटकुळी येते आणि तिच्याखाली पिशवीही राहते, दोन्ही एकत्र. व्यायामाने स्नायू भरतो, ताणून सैल झालेली कातडी फार आवळत नाही. ती काढायची तर शस्त्रक्रिया. तुमच्या 'नंतर'च्या फोटोत ही कातडी कधीच नसते. एक तर ज्याचं फारसं वजन उतरलेलंच नाही असा माणूस निवडलेला असतो, नाही तर पँट वर ओढलेली असते. त्या तरुणाच्या पोटावरच्या वड्याही बारा महिने तशा नसतात, हे आमचा ट्रेनर हसत हसत सांगतो. स्पर्धेआधी किंवा फोटोआधी पाणी-मीठ कमी करतात, वरून उजेड पाडतात, फोटोच्या दोन मिनिटं आधी जोर काढतात. मग ते पोट पाहून एखादी सत्तेचाळीस वर्षांची बाई स्वतःच्या पोटाला दोष देते.

गंमत म्हणजे त्याच पानावर तुम्ही बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा, तक्ता छापला होता. माझी उंची 160 सेंटिमीटर. 66 किलोला बीएमआय पावणेसव्वीसच्या वर जातो, आणि भारतीयांसाठी पंचवीसच्या पुढे लठ्ठ. म्हणजे कंबर 78 सेंटिमीटर, साखर जागेवर, सत्तर किलो उचलणारी मी आपल्या पुरवणीनुसार लठ्ठच. एखादी 58 किलोची, कंबर नव्वद, दोन जिन्यांत धापा टाकणारी बाई त्याच तक्त्यात निरोगी. बायकांना कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांना नव्वदच्या, हा आकडा तक्त्याशेजारी छापला असता तर काय बिघडलं असतं? शिवणकामाची टेप प्रत्येक घरात असते.

आता तर वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एक टोचायच्या इंजेक्शनांची चर्चा आमच्या लंच टेबलावरही आहे. 2025 पासून ती भारतात मिळू लागली. मी त्यांच्या विरोधात नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावीत. पण त्यातलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे, आणि भूकच मेल्यावर प्रथिनं पोटात जाणार कशी, हाही प्रश्न आहे. आपण छापलेल्या या इंजेक्शनांच्या बातमीत औषधाची किंमत ठळक होती. स्नायूंबद्दल एक ओळ नव्हती.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला एक प्रयोग झाला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखरीचं जड वजन उचलायला लावलं आणि उड्या मारायला लावल्या. मणक्याच्या हाडांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. आमच्याकडे याच वयाच्या बाईला 'आता बादली उचलू नकोस' असं सांगतात आणि बादली उचलायला दुसरं कुणी येत नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं, हे खरंच आहे. पण सरसकट सगळ्यांना भीती घालण्यात काय अर्थ आहे?

माझी विनंती साधी आहे. बायकांच्या पानावर एकदा तरी बारबेल छापा. कसा धरायचा, पाठ कुठे ठेवायची, किती किलोपासून सुरुवात करायची, हे चित्रांसह. मॉडेल नको, पन्नाशीची बाई दाखवा, सैल कातडीसकट. उपासाच्या दिवशी प्रथिनं कुठून आणायची यावर आपल्या आहारतज्ज्ञांकडून एक लेख घ्या. राजगिरा, दाणे, ताक यांचं गणित घालून. आणि 'एका महिन्यात दहा किलो' हा मथळा कृपया बंद करा, मग तो कुणाच्याही पानावर असो.

फोटो हवे असतील तर आमच्या बॅचमध्ये या. आम्ही नऊजणी आहोत, त्यात दोन शिक्षिका, एक भाजीवाली, एक निवृत्त मेट्रन. तिघी फोटोला तयार आहेत, बाकीच्यांनी घरी विचारून सांगते म्हटलंय. मात्र छायाचित्रकार पाठवणार असाल तर पहाटे साडेपाचला पाठवा. साडेसहाला सगळ्या डबे करायला पळतात.

एक वाचक, मिरज
(नाव छापू नये. ऑफिसात ओळखतीलच.)