लेकीच्या कॉलेजबद्दल, तुझ्या फोननंतर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर लेकीला कुठल्या कॉलेजात घालावं असं विचारताना तू तीनदा म्हणालास, "पोरगी साधारण आहे रे." फोन ठेवला तरी ते शब्द डोक्यातून जाईनात. तू बोलत होतास तेव्हा मागून तिचाही आवाज येत होता, म्हणजे तिनं ते ऐकलं असणार. म्हणून परत फोन न करता लिहायला बसलोय. तुला सावकाश वाचता येईल, वहिनींनाही दाखवता येईल.

आधी त्या शब्दाचं बोलू. तिला 58 टक्के कशामुळे पडले, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. काही मुलांना समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलं की पक्कं बसतं. काहींना भरल्या वर्गात हात वर करायचा धीर होत नाही. काहींना स्वतः करून बघितल्याशिवाय गोष्ट कळत नाही. आणि काहींना तो विषयच नको असतो, घरच्यांच्या समाधानासाठी घेतलेला असतो. गुणपत्रिकेवर ही चौघं सारखीच दिसतात, पण चौघांना लागणारी कॉलेजं अगदी वेगळी आहेत. तुझी लेक यातली कोण, ते आधी शोध. माहितीपत्रकं नंतर उघड.

माझ्या थोरल्याचं मी हेच केलं नाही. तुला वरवर माहीत आहे, पण पूर्ण कधी सांगितलं नाही, आज सांगतो. त्यालाही असेच गुण होते. एका नावाजलेल्या कॉलेजात शेवटच्या फेरीत एक जागा निघाली आणि मी ती घेतली. शाखा त्याच्या आवडीची नव्हती, घरापासून लांब होतं, पण नाव मोठं होतं. त्याला विचारलं तेव्हा तो "चालेल" म्हणाला. त्या "चालेल"मध्ये काय होतं ते मला ऐकू यायला हवं होतं. पहिल्या सत्रात तो दोन विषयांत नापास झाला आणि आम्हाला सांगितलं नाही. फोनवर रोज "सगळं ठीक". मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर पुस्तकं कोरीच्या कोरी पडलेली दिसली. दीडशे मुलांचा वर्ग होता. सहा महिन्यांत एकाही शिक्षकाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. तो तिथं सगळ्यात मागे पडला होता आणि मागे पडलेल्याकडे बघायला तिथं कोणाला सवडच नव्हती.

दीड वर्षानं तो परत आला. नंतरचं कॉलेज त्यानं स्वतः शोधलं. घरापासून दोन तासांवर, आमच्या भागाबाहेर कुणी नाव ऐकलेलं नाही असं. वर्गात चाळीस मुलं. पहिल्याच महिन्यात एका शिक्षिकेनं त्याला प्रयोगशाळेत थांबवून सांगितलं, "कुठं अडतंय ते कागदावर लिहून आण, उद्या बसू." तो मला नंतर म्हणाला, "बाबा, मला कुणीतरी विचारलं." बाकी सगळं त्यानंतर झालं.

एका मुलाच्या अनुभवावरून मी तुला सल्ला देतोय असं वाटेल, म्हणून नंतर बरंच वाचलं. 1966 मध्ये जेम्स डेव्हिस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं महाविद्यालयीन तरुणांचा अभ्यास करून मांडलं होतं, की मूल पुढे किती मोठं काही करायचं मनात धरतं ते बऱ्याच अंशी आपल्या कॉलेजात ते कितव्या पायरीवर आहे यावर ठरतं. जिथं मूल तळाला राहणार हे जवळजवळ नक्की आहे, अशा उत्तम कॉलेजात पाठवण्याआधी पालकांनी विचार करावा, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसलो होतो. पुढे 1980 च्या दशकात हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांत हेच तपासलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. ज्याच्या भोवती सगळे हुशार, त्याला आपण अभ्यासात कमी आहोत असं वाटू लागतं. दुसऱ्याचा विश्वास टिकतो. पुढे मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 26 देशांतल्या मुलांची माहिती तपासली, तेव्हाही हाच कल दिसला. तेव्हा हा काही माझ्या पोराचा दुबळेपणा नव्हता.

आणखी एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. 2014 मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं आणि पर्ड्यू विद्यापीठानं अमेरिकेतल्या 30,000 हून अधिक पदवीधरांना विचारलं, की आज कामात तुमचं मन किती लागतं, आयुष्य कसं चाललंय. कॉलेज कुठल्या प्रकारचं होतं, यानं त्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो तिथं काय मिळालं यानं. आपली काळजी करणारे शिक्षक, शिकण्याची ओढ लावणारा निदान एक शिक्षक, स्वप्नांना बळ देणारं मार्गदर्शक माणूस. आणि एखादं सत्रभर चालणारं काम, शिकलेलं प्रत्यक्ष वापरायला लावणारी इंटर्नशिप, एखाद्या उपक्रमात मनापासून सहभाग. शिक्षकांबद्दलच्या तिन्ही गोष्टी मिळाल्या असं ठामपणे म्हणणारे फक्त 14 टक्के निघाले. म्हणजे हे आपोआप कुठंच मिळत नाही, शोधावं लागतं. तुझ्यासारख्या चिकाटीच्या बापाला ते जमेल.

शोधायचं कसं, तर जाऊन. प्रवेशासाठी सजवलेल्या दिवशी जाऊ नकोस, साध्या मंगळवारी-बुधवारी जा. नोटीस बोर्ड वाच. त्यावर मागच्या वर्षीचे कागद लटकत असतील तर तिथं कुणाचं लक्ष नाही. दुपारी चारला ग्रंथालयात डोकाव, मुलं बसलेली असतात का बघ. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप आहे का, आणि विचारलं तर किल्ली कुणाकडे आहे हे पटकन सांगता येतं का, हेही बघ. मी धाकटीच्या वेळी एका कॉलेजात गेलो होतो. इमारत चकचकीत, स्वागतकक्षात फुलं, पण संगणक कक्षातल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. तिथूनच आम्ही परत फिरलो.

ऑफिसात विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तर मिळेपर्यंत सोडू नकोस. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं? अनुभवी माणसं फक्त शेवटच्या वर्षाला आणि पहिलं वर्ष दर सत्राला बदलणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांवर, असं असेल तर तुझ्या लेकीसाठी ते वाईट, कारण मुलं गळतात ती बहुधा पहिल्याच वर्षी. दुसरा प्रश्न, तीन वर्षांपूर्वी किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती यंदा वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले? हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो माहितीपत्रकात क्वचितच सापडतो. तिसरा, एखादी मुलगी पहिल्या चाचणीत नापास झाली तर पुढच्या आठवड्यात काय होतं? "आम्ही सगळ्यांकडे लक्ष देतो" हे उत्तर झालं नाही. तिच्याशी कोण बोलतं, कधी, कुठं बसून, हे सांगता आलं पाहिजे.

नोकऱ्यांचा फलक दाखवतील तेव्हा त्यावरच्या सगळ्यात मोठ्या पगाराकडे बघू नकोस, तो एका मुलाचा असतो. शंभरातल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यातल्या मधल्या मुलाचा पगार किती, ते विचार. याबाबतीत आपल्या भागातल्या कॉलेजांची एक बाजू लोक विसरतात. त्यांची मुलं आसपासच्याच दवाखान्यांत, कारखान्यांत, बँकांत, शाळांत कामाला असतात. शिक्षक त्यांना नावानं ओळखतात आणि एका फोनवर इंटर्नशिप मिळवून देऊ शकतात. लांबच्या मोठ्या कॉलेजात ही ओळख वरच्या दहा मुलांच्या वाट्याला येते.

पण लहान आणि जवळचं म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नकोस. निम्मी पदं रिकामी असलेलं लहान कॉलेज मोठ्या गर्दीच्या कॉलेजापेक्षाही वाईट. मान्यता तर नक्कीच तपास, आणि कॉलेजची नव्हे, तिला घ्यायच्या त्या अभ्यासक्रमाची. नियामक संस्थेच्या यादीत स्वतः बघ, कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस. मोठ्या नावाबद्दलही न्यायानं बोलायला हवं. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं, की सारख्या तयारीची मुलं निवडक, म्हणजे मोजक्यांनाच प्रवेश देणाऱ्या, कॉलेजात गेली काय आणि कमी निवडक कॉलेजात गेली काय, पुढे त्यांची कमाई साधारण सारखीच राहते. पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजचा फायदा झालेला दिसला. मला वाटतं, घरातून मिळत नाहीत त्या ओळखी त्यांना तिथं मिळत असाव्यात. तेव्हा जवळचं कॉलेज निवडलंस तर ओळखींची उणीव तू आणि मी मिळून भरून काढू. माझ्या कामाच्या ठिकाणी सुट्टीत तिला कधीही आण.

पैशांचं एकच सांगतो, कारण त्यात मी फसलो होतो. शिष्यवृत्ती देताना ती फक्त पहिल्या वर्षापुरती आहे का, आणि पुढे चालू ठेवायला किती गुण लागतात, ते लेखी घे. मधल्या गुणांच्या मुलाला पहिल्या वर्षी सवलत देतात आणि दुसऱ्या वर्षी त्याला न झेपणारी अट पुढे करतात. मग कॉलेजही सोडवत नाही आणि फीही पेलवत नाही. पहिल्या वर्षाची फी बघून ठरवू नकोस. पदवी हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च, वसतिगृह, परीक्षा, प्रवास धरून, एका कागदावर मांड आणि तो कागद लेकीला दाखव. तिला कळू दे. अंधारात ठेवलेली मुलं उगाच स्वतःला ओझं समजतात.

आता शेवटचं, आणि हे मला तुला प्रत्यक्ष भेटून सांगायला आवडलं असतं. या सगळ्या धावपळीत तिला पुढे चालू दे. कॉलेजात गेलात की प्रश्न तिनं विचारावेत, तू मागे उभा राहा. ऑफिसातला माणूस तुझ्याकडे बघून उत्तर देईल, तेव्हा तू लेकीकडे बघ. नंतर अर्धा तास तिला तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींमध्ये एकटीला सोडून तू फाटकाबाहेर थांब. बापासमोर मुली खरं बोलत नाहीत, एकमेकींशी बोलतात. परत येताना लगेच "कसं वाटलं?" विचारू नकोस. माझी धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाली होती, "त्या कॉलेजात मला प्रश्न विचारायची भीती वाटली नाही." यादीत ते कॉलेज चौथं होतं. आम्ही तेच घेतलं.

आणि तिनं "चालेल" म्हटलं तर थांब. पुन्हा विचार, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

पुढच्या आठवड्यात मी दोन दिवस मोकळा आहे. तुझ्या मनात असलेली चार-पाच नावं मला कळव, पण त्याआधी तिलाही एका कोऱ्या कागदावर तिची यादी लिहायला सांग आणि ती पूर्ण होईपर्यंत तुझी दाखवू नकोस. दोन्ही याद्या घेऊन निघू. गाडी मी चालवतो, तू मागे बस, तिला पुढे बसव. वहिनींना नमस्कार, आणि लेकीला सांग की काका तिच्या प्रश्नांची वाट बघतोय.

तुझाच,
जुना बाकसोबती