व्हॅलेन्सियाचा गुरुवार

आइंडहोवन, नेदरलँड्स
११ जानेवारी

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मार्चच्या सहलीचं फोनवर काही धड बोलणं होत नाही. नाना, तुम्ही "कुठं, कशाला, किती दिवस" विचारता, मी सांगायला लागते, तेवढ्यात आईला तिथं भाकरीचं पीठ मिळतं का ते हवं असतं आणि मागून दादा ओरडतो, की सात देशांच्या टूरचं काय झालं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दादाला म्हणावं, मोठ्या अक्षरात छापून दे.

सात देशांचं आधी निकालात काढते. अशा टूरमध्ये रोज पहाटे बॅग भरायची, दिवसभर बसमध्ये बसायचं आणि रात्री नव्या हॉटेलात संडासचा दिवा शोधायचा. आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतील. त्यापेक्षा एक गाव, एक घर, एक पलंग. सकाळी आसपास कुठंतरी जायचं आणि दिवेलागणीला परत. गाव ठरवलंय व्हॅलेन्सिया. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी. माद्रिद आणि बार्सिलोनानंतरचं तिसरं मोठं शहर. इथून थेट विमान आहे. विमानतळातच मेट्रो आहे, ती अर्ध्या तासाच्या आत शहरात सोडते.

मार्चच्या सुरुवातीला इथं आमच्याकडे आभाळ करडंच असतं. तिकडे दुपारी अठरा-वीस अंश आणि स्वच्छ ऊन. रात्री मात्र पारा आठ-नऊपर्यंत उतरतो आणि त्या बाजूच्या घरांत इथल्यासारखी ऊब नसते, तेव्हा नाना, कानटोपी घ्या, लाजू नका. समुद्रात पाय बुडवता येतील, पण अंघोळीचं नाव काढायचं नाही.

आता मुद्द्याचं. नाना, तुमच्यासाठी या सहलीत एक गोष्ट आहे आणि बाकीचं सगळं मी तिच्याभोवती रचलंय.

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात पाण्याची पंचायत बसते. तुरिया नदीवरून निघालेले आठ पाट, त्यांचे आठ पंच. प्रत्येक पंच त्या-त्या पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला आणि स्वतः जमीन कसणाराच असावा लागतो. काळे सैल अंगरखे घालून ते गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. पितळी आकड्याची काठी घेतलेला एक शिपाई उभा राहतो आणि एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा करतो, की या पाटावरचा कोणी आरोपी आहे का. कोणी पुढं आलं नाही की पुढच्या पाटाचं नाव. पाळी नसताना पाणी तोडलं, पाट साफ केला नाही, शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी घातलं, असले तंटे. वकील नाही, कागद नाही. सगळं तोंडी आणि त्यांच्या व्हॅलेन्सियन भाषेत. निकाल तिथल्या तिथं आणि त्यावर अपील नाही. ज्या पाटावरचा तंटा असेल त्या पाटाच्या पंचाला निकालात बोलता येत नाही, हे मला फार आवडलं. नाहीतर आपल्याकडे पुतण्याचा निकाल चुलत्यानंच लावलेला मी पाहिलाय.

ही रीत अरबांच्या काळापासूनची मानतात. १२३८ मध्ये ख्रिस्ती राजा जेम्स यानं त्यांच्याकडून शहर जिंकून घेतलं, पण पाटांची जुनी वहिवाट त्यानं मोडली नाही. युनेस्कोनं २००९ मध्ये या पंचायतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. अलीकडे तंटे कमी येतात. कित्येक गुरुवारी आठ नावं पुकारली की पाच-दहा मिनिटांत सगळे उठतात. तसं झालं तर तोंड वाकडं करू नका. आपण साडेअकरालाच जाऊन कठड्याजवळ उभं राहू, म्हणजे पर्यटकांच्या डोक्यांमागून बघायला नको.

हे वाचल्यापासून मला पांझरा नदीकाठची आपली पाणीवाटपाची फड पद्धत आठवतेय. एका फडात एकच पीक, पाणी सोडणार पाटकरी, मालकानं स्वतः बारं धरायचं नाही, आणि नदीला पाणी कमी असलं तर कोणाचं एकट्याचं शेत न वाळवता फडच कमी भिजवायचे. तुम्ही पंच होतात तेव्हा ओट्यावर चालणारी भांडणं मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. व्हॅलेन्सियात पाणी जमिनीला चिकटलेलं असतं. जमीन विकली की पाणीही जातं, नुसतं पाणी विकता येत नाही. यावर तुम्हाला त्या पंचांशी बोलायचं असणार, मला माहीत आहे. माझं स्पॅनिश मोडकं आहे, पण पंचायत उठल्यावर एखाद्याला गाठू. कपाटातली पाळ्यांची वही आणता आली तर आणा.

त्याच गुरुवारी दोन वाजता आणखी एक प्रकार. १ ते १९ मार्चपर्यंत रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाके लावतात, भर उन्हात. बघण्यासाठी नाहीत, ऐकण्यासाठी. त्याला मास्क्लेता म्हणतात. काही मिनिटंच चालतं, पण शेवटी पायाखालची जमीन थरथरते. गावातले लोक सांगतात, तोंड उघडं ठेवा म्हणजे कानाला त्रास होत नाही. आईला हे झेपायचं नाही. तिला आपण तेवढा वेळ लांबच्या गल्लीत बसवू.

हे फटाके फायास नावाच्या सणाचे. चौकाचौकांत लाकूड, कागद आणि फोमचे प्रचंड पुतळे उभे करतात, पुढाऱ्यांची टिंगल करणारे, आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकतात. सुतार लोक हिवाळ्यात दिवे टांगायला वापरलेली लाकडं वसंतात जाळत, त्यातून हे सुरू झालं असं सांगतात. होळी डोक्यात आली ना? माझ्याही आली. पण १५ ते १९ मार्चला तिथं जायचं म्हणजे घराचं भाडं दुप्पट-तिप्पट, रस्ते बंद आणि रात्रभर झोप नाही. म्हणून मुद्दाम आधीचा आठवडा धरलाय. पुतळे रस्त्यावर लागलेले नसतील, पण त्यांतल्या निवडक बाहुल्यांचं प्रदर्शन सणाआधी भरतं. लोक मतं देतात आणि दरवर्षी एक मोठी आणि एक मुलांची बाहुली आगीतून वाचते. छकुलीला फोटो पाठवायला तेवढं पुरे.

आता गावाबाहेरच्या फेऱ्या.

शहराला लागूनच उत्तरेला आल्बोराया आहे, मेट्रोनं जाता येतं. नाना, तुम्हाला हसू येईल. आपण ज्या लव्हाळ्याच्या गाठी उपटून-उपटून बोटं सोलून घेतो, त्याच जातीचं एक गवत ही माणसं मुद्दाम पेरतात. त्याच्या गाठी गोड असतात. त्या भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार पांढरं पेय करतात, ओर्चाता. त्यात दूध नाही, अंडं नाही, तेव्हा आई बिनधास्त पिऊ शकते. सोबत लांबुडका पाव देतात, त्यात अंडं असतं, तो मी खाईन. एकादशीला चालेल का, हे आईनं महाराजांना विचारून ठेवावं.

दक्षिणेला आल्बुफेरा, सिटी बस जाते. गोड्या पाण्याचं मोठं सरोवर, खोली सरासरी मीटरभरच, आणि चारी बाजूंना भातशेती. पण आत्ताच सांगून ठेवते, हिरवी खाचरं मनात धरू नका. तिथं भात मे महिन्यात पेरतात आणि सप्टेंबरात कापतात. हिवाळ्यात खाचरांत पाणी भरून ठेवतात, मार्चपर्यंत ते उतरलेलं असतं. तेव्हा दिसेल तो काळा चिखल, ट्रॅक्टर आणि बगळे. मला वाटतं तुम्हाला तेच जास्त आवडेल, माती हातात घेऊन बघता येईल. पाल्मार नावाच्या वस्तीतून संध्याकाळी होडी घेऊ.

पाएया नावाचा त्यांचा भात इथलाच. मूळ पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांचा मिळतो, पण तो कशाच्या पाण्यात शिजवला ते विचारावंच लागतं. वेटरला "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, डुकराच्या मांडीच्या चकत्या पुष्कळांच्या हिशेबात मांसात धरतच नाहीत. मी मासा, अंडं, हॅम, सगळ्यांची नावं घेऊन नाही म्हणेन. आईच्या माळेला धक्का लागू देणार नाही. तरी म्हणून स्वयंपाकघर असलेलंच घर बघतेय. मोठी मंडई जवळच आहे, १९२८ ची, काचा-लोखंडाच्या घुमटाखाली. रविवारी बंद आणि इतर दिवशीही दुपारी तीनला आटपते, म्हणून सकाळीच जायचं. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेठ आहे. तिचे पीळ दिलेले उंच दगडी खांब बघत आई अर्धा तास बसू शकेल. सणाच्या दिवसांत रस्त्यावर लाल भोपळ्याचे बुन्योल तळतात, ते आपल्या घारग्यांच्या जवळचे. गरम असतानाच खायचे.

शातिवाला रेल्वेनं जाऊ, तासाभराच्या आत. डोंगराच्या धारेवर लांबच लांब किल्ला. चढ खडा आहे, आईसाठी वरपर्यंत टॅक्सी करू. १७०७ मध्ये पाचव्या फिलिप राजाच्या फौजेनं हे गाव जाळलं. गावानं त्याची तसबीर संग्रहालयात उलटी टांगली, डोकं खाली, पाय वर. ती आजही तशीच आहे. हा सूड मला फार शहाणपणाचा वाटतो. एक लक्षात ठेवा, व्हॅलेन्सियाच्या मधोमध शातिवा नावाचं मेट्रो स्टेशन आहे. चुकामूक झाली आणि तुम्ही कोणाला "शातिवा" विचारलंत तर लोक तिकडेच पाठवतील. खऱ्या शातिवाची गाडी त्याच्या शेजारच्या मोठ्या रेल्वे स्टेशनातून सुटते. भिंतींवर चिनीमातीची संत्री आहेत ते.

सागुंतो अर्ध्या दिवसाचं. ख्रिस्तपूर्व २१९ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं वेढा घातला तेच गाव, रोमशी त्याचं मोठं युद्ध तिथूनच पेटलं. दगडी रोमन नाट्यगृह आहे, पण दुरुस्ती इतकी नवीकोरी केलीय की त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. पाऊस लागला किंवा कंटाळा आला तर हे गाळू.

आणि तुरिया नदी. नाना, तुम्ही शहरात नदी शोधाल, ती सापडणार नाही. १४ ऑक्टोबर १९५७ ला पूर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. मग नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली आणि जुन्या पात्रात बाग केली. पूल आहेत तसे आहेत, खाली संत्र्याची झाडं, सायकली, फुटबॉल. आईला चालायला याहून सपाट जागा नाही. पण २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा पाणी आलं. नव्या पात्रानं जुनं शहर वाचवलं आणि त्या पात्राच्या पलीकडची गावं बुडाली, जिल्ह्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं मेली. त्या गावांवर ओढ्याचं पाणी चालून आलं, नदीचं नव्हे. आल्बुफेराला जाताना हाच भाग लागतो. तिथं फोटो काढायला थांबायचं नाही, एवढंच दादालाही सांगून ठेवते, तो आला तर.

सामानाचं. बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दूध-दुभतं आणायला बंदी आहे, म्हणजे तूप आणि पेढे नाहीत. कढीपत्ता आणि ताजी मिरचीसुद्धा नाही. शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ, बिबडे चालतील. पीठ घट्ट बांधा. आईसाठी नवे बूट आत्ताच घ्या आणि रोज गावात घालून फिरायला लावा. तिकडे येऊन पायाला फोड आले तर सगळी गंमत जाईल.

व्हिसा नेदरलँड्सचाच काढायचा, कारण मुक्काम जास्त इथं आहे. त्यावर स्पेनला जाता येतं. माझ्या हमीपत्रावर इथल्या नगरपालिकेचा शिक्का घेऊन ते कुरिअरनं पाठवते. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, दादाला तो आकडा नीट बघायला सांगा. बोटांचे ठसे द्यायला तुम्हा दोघांना जातीनं जावं लागेल, मुंबईला मावशीकडे आदल्या रात्री उतरा. नाना, तुमची बोटं मातीनं झिजलेली आहेत, ठसे पटकन उमटत नाहीत, तेव्हा तिथं चिडू नका, चार वेळा दाबायला लावतील. पासपोर्टचे फोटो आणि सातबाऱ्याची प्रत दादानं या आठवड्यात मेल करावी. भेटीची तारीख मिळाली की लगेच कळवा, म्हणजे मी घर पक्कं करते. मंडईजवळचं पहिल्या मजल्यावरचं बघून ठेवलंय, पण ते फार दिवस थांबणार नाही.

वहिनीला नमस्कार, छकुलीला गोड पापा.

कळावे,
तुमची
माई